डेल्को

मोटारीचे काळीज म्हणजे इंजिन. पण त्या काळजाने नेमके केव्हा धडकायचे, हे ठरविणारा निराळाच. कागदोपत्री तो डिस्ट्रिब्यूटर, गॅरेजच्या बोलीत डेल्को. चार प्लगांना 1-3-4-2 या क्रमाने ठिणगी वाटणे, एवढेच त्याचे काम!

आजोबांची प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातली. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनी गेली. येवल्यात मात्र तिला अजून सारे फियाटच म्हणतात. तिचा डेल्को झिजला होता. नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी चालत गेली नाही, तर भंगारवाला दारात उभाच होता. आजोबा काही बोलत नसत. रोज सकाळी काच पुसत, इतकेच.

जुन्या गाडीतून काढलेला एक डेल्को मिळाला. मिस्त्रीकाकांनी तो लगेच बसविला नाही. आधी दांडा आडवा हलवून पाहिला. तो डुगडुगला तर पॉइंटमधले अंतर दर फेऱ्यात बदलते, मग वेळ जुळवून उपयोग काय? रोटर पिळून सोडला, तो स्प्रिंगने परतला. वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी आतली वजने मोकळी होती. मग पॉइंट घासून पात्याने अंतर मोजले : सुमारे 0.4 मिलिमीटर. आमच्या गावी पैठणीचा मोर विणताना डोळे असेच बारीक होतात.

पहिला पिस्टन दाबाच्या फेरीत वर आणून पुलीची खूण जुळविली. पॉइंटच्या तारेला बारा व्होल्टचा दिवा लावला, त्याचे दुसरे टोक इंजिनाच्या लोखंडाला. पॉइंट मिटलेले तोवर दिवा विझलेला. काका डेल्कोचे अंग रोटरच्या उलट दिशेने केसभर फिरवीत होते. दिवा लागला, त्या क्षणी बोल्ट आवळला.

"आता अनकाईच्या चढाला न्या, बाबा," ते आजोबांना म्हणाले. "ठिणगी लवकर पडली तर इंजिन खडखडंल. उशिरा पडली तर तापंल, पन वढायची न्हाई."

आजोबांना माणसांचे बोलणे हल्ली नीट ऐकू येत नाही. चढावर त्यांनी स्टिअरिंगजवळचा दांडा ओढून तिसरा गिअर टाकला, मान तिरकी करून ऐकले आणि म्हणाले, "किंचित खडखडतेय. थोडी मागे घ्यायला सांग."

मला काहीच ऐकू आले नव्हते. परतल्यावर काकांनी कान लावला, बोल्ट सैल केला आणि डेल्को केसभर मागे फिरविला.