दोर सैल झाल्यावर



सध्या मुक्काम भिलाई, सेक्टर 10. एनसीसी बटालियनमध्ये पीआय स्टाफ म्हणून आलो, त्याला दीड वर्ष होत आलं. ही माझी शेवटची पोस्टिंग. पुढच्या वर्षी 28 वर्षांची सर्व्हिस पूर्ण करून नायब सुभेदार म्हणून पेन्शनवर जाणार.

गेल्या महिन्यात बॅचच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मी एक व्हिडिओ टाकला होता. बोटीच्या मागे लाटेवर एक माणूस फळीवर उभा आहे आणि त्याच्या हातात दोर नाही. बऱ्याच जणांनी विचारलं, हा तूच का? आणि बोट ओढत नाही, तर तू पुढे जातोस कसा? सगळ्यांना एकदमच उत्तर देतो.

होय, मीच. या खेळाला वेकसर्फिंग म्हणतात. ताई आणि दाजी बरीच वर्षं दुबईत आहेत. एक्स-इंडिया लीव्हचा कागद किती टेबलांवरून फिरतो ते तुम्हाला सांगायला नको, पण मंजुरी आली आणि नोव्हेंबरात तीन आठवडे तिकडे काढले. भाच्याला या खेळाचं वेड. म्हणाला, "मामा, तू सॅपर. पाण्याला तू कशाला घाबरतोस?" असं म्हटल्यावर नाही म्हणायची सोयच राहिली नाही.

पाण्याची ओळख माझी जुनी. गाव सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या काठी. पण पोहायला शिकलो ते विहिरीत. पाठीला वाळक्या भोपळ्यांची सांगड, कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक काठावर बसलेल्या नानांच्या हातात. नाना माझे थोरले चुलते. बुडायला लागलो की ते दोर ओढायचे. काही दिवसांनी सांगड सुटली, दोर राहिला. मग एका दुपारी मी विहिरीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलो आणि मागे वळून पाहिलं, तर दोर पाण्यावर सैल पडलेला. नाना विडी ओढत बसले होते. त्या दिवशी त्यांनी दोर सोडून घ्यायला सांगितलं. ना शाबासकी, ना भाषण.

पुढे खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झालो. तिथं पाणी म्हणजे कामाची जागा. असॉल्ट बोट, वल्ही, ओबीएम, पूल बांधण्याचं सामान. प्रवाहात काम करताना दोराला पहिला मान. कुठला दोर कुठं बांधला, कुणाच्या हातात आहे, ताण किती आहे, हे उस्ताद झोपेतून उठवूनही विचारायचे. त्यामुळे दोर सोडून द्यायचा खेळ ही गोष्टच मला आधी पटेना.

पाण्यावरची स्की आपण सिनेमात पाहिलेली असते. 1922 साली अमेरिकेत मिनेसोटाच्या लेक पेपिन तलावावर रॅल्फ सॅम्युएलसन या 18 वर्षांच्या पोरानं ती पहिल्यांदा करून दाखवली. त्यात बोट जोरात जाते, दोर ताठ असतो आणि दोर सुटला की माणूस थोडं घसरून पाण्यात बसतो. वेकसर्फिंगचं गणित वेगळं आहे. बोट हळू जाते, ताशी 16 ते 19 किलोमीटर, म्हणजे आपली सायकल जरा दामटली तर जाते तेवढीच. पण बोट मुद्दाम जड केलेली असते. आतल्या टाक्यांमध्ये पाणी भरून तिचा मागचा भाग खोल बसवतात. जड बोट पाणी बाजूला सारते, ते पाणी मागे परत येऊन मिळतं आणि तिथं कमरेएवढी लाट उभी राहते. एका बाजूची लाट स्वच्छ निघावी म्हणून बोटीच्या मागच्या कडेला हलत्या पट्ट्या असतात. बोट चालू आहे तोवर लाट मोडत नाही, बोटीच्याच वेगानं मागोमाग येत राहते.

आता माणूस पुढे कसा जातो? वर येणाऱ्या सरकत्या जिन्यावरून कुणी खाली उतरत राहिला, तर तो जागच्या जागीच दिसतो. तसंच हे. तुम्ही फळीवरून लाटेच्या उतारावर सतत खाली घसरत असता आणि लाट तुम्हाला सतत वर उचलत पुढे नेत असते. दोर लागतो तो फक्त पाण्यातून उठून त्या उतारापर्यंत पोहोचायला.

आम्ही जायचो ते पाम जुमैराच्या बाजूच्या शांत पाण्यात, सकाळी लवकर. शिकवणारा फिलिपिनो पोरगा, माझ्या भाच्याच्याच वयाचा. पाण्यात उताणं पडायचं, गुडघे पोटाशी, टाचा फळीच्या कडेवर. दोर जाड आणि आखूड, सहा-सात मीटरचा, टोकाला मूठ. बोट हळूच पुढे सरकली की पाण्याच्या दाबानं फळी उभी होऊन तळपायांना चिकटते. इथं नवा माणूस दंडानं दोर खेचून उठायला बघतो आणि तोंडावर पडतो. पोरगा सांगायचा, तू ओढू नकोस, बोटीला ओढू दे, तू नुसता गोळा होऊन बस. पहिल्या दिवशी उभं राहायलाच सहा प्रयत्न लागले. उभा राहिल्यावर अंग शिणलेलं, पण गंमत वाटली. वय 46, आणि अंगावर पुन्हा रंगरुटाचे दिवस.

दुसरा दिवस पायांचा. पुढच्या पायावर वजन दिलं की फळी वेग घेते, मागच्या पायावर दिलं की ब्रेक. डावा पाय पुढे ठेवणारा बोटीच्या डाव्या बाजूची लाट घेतो, म्हणजे तोंड लाटेकडे राहतं. दिवसभर दोर हातातच ठेवून नुसतं पुढे-मागे, पुढे-मागे केलं. लाटेत एक जागा असते, बोटीपासून दोन-तीन मीटरवर. तिथं फळीखालून कुणीतरी तळहातानं ढकलावं तसा जोर लागतो. त्याच्या मागे गेलात की लाट सोडून जाते. फार पुढे गेलात तर बोटीशी येता.

तिसऱ्या दिवशी मी वाट बघत होतो की आता हा म्हणेल, हिंमत कर, सोड दोर. तो तसं काही म्हणालाच नाही. बोटीच्या मागच्या बाकावरून तो फक्त बोटानं दाखवत राहिला. दोराकडे बघ. मी पाहिलं. दोर ताठ. थोडं वजन पुढे दिलं. दोर जरा झुकला. आणखी थोडं दिलं आणि दोराचा मधला भाग खाली लोंबून पाण्याला लागला. तरी मी पुढे जातच होतो. त्यानं तीन बोटं दाखवली. तीन मोजेपर्यंत दोर सैल राहिला पाहिजे. राहिला. मग मी मूठ बोटीकडे टाकली, त्यानं पटापट दोर गोळा करून आत घेतला.

पहिल्यांदा आठ सेकंद टिकलो. भाचा मोबाईलवर मोजत होता. त्यानंतर चाळीस सेकंद. तुम्ही पाहिला तो व्हिडिओ चौथ्या दिवसाचा.

मला त्यातलं धाडस फारसं आठवत नाही. आठवतो तो सैल दोर. ताठ दोर सोडला तर माणूस बुडतो, मग कितीही हिंमत असो. सैल दोर सोडायला हिंमत लागतच नाही, कारण तोवर तो काही कामच करत नसतो. नानांना हे विहिरीच्या काठावर ठाऊक होतं.

इथं एक इशारा देतो आणि तो गंभीरपणे घ्या. धमतरीजवळ महानदीवरचं गंगरेल धरण भिलाईपासून दीड-दोन तासांवर आहे, तिथं स्पीडबोटी चालतात. आमच्या कॅडेट्सनी व्हिडिओ पाहून विचारलं, तिथं करू या का? मी साफ नाही म्हणालो. ओबीएम असलेल्या बोटीचा पंखा बोटीच्या मागे, उघड्या पाण्यात फिरतो. वेकसर्फिंगमध्ये माणूस त्याच्यापासून दोन-तीन मीटरवर असतो आणि तो पुढे पडू शकतो. या खेळाच्या बोटींचा पंखा तळाखाली, बराच आत असतो. दुसरं, इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड बोटीच्या मागच्या बाजूला साठतो, म्हणून मागच्या फळीला धरून लोंबकळायचं नाही. दोर हाताला गुंडाळायचा नाही. लाइफ जॅकेट हवंच आणि मागे लक्ष ठेवायला चालकाशिवाय दुसरा माणूस हवा. सॅपर असाल तर ओबीएमनं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता तुमच्या-माझ्या विषयावर येतो. आपल्यातले कितीतरी जण ताठ दोर सोडून घरी गेले. शनिवारपर्यंत फॉलइन, सोमवारी अंगणात खुर्ची. माझा एक बॅचमेट पेन्शननंतर सहा महिने गावातल्या पारावरसुद्धा गेला नाही. माणूस वाघासारखा, पण ओढणारं काही उरलं नाही आणि खालून ढकलणारं काही तयार केलेलं नव्हतं.

सेक्टर 10 मध्ये माझ्या शेजारी एक मराठी काका राहतात. स्टील प्लांटमध्ये ब्लास्ट फर्नेसवर आयुष्य गेलं, ए-बी-सी शिफ्टमध्ये. पहिली भट्टी 1959 साली सुरू झाली, तेव्हापासून हे गावच भोंग्यावर आणि शिफ्टवर चालत आलंय. आपल्यासारखंच. काका रिटायर व्हायच्या दहा वर्षं आधी भजनी मंडळाची पेटी दुरुस्त करायला शिकले. मग दुसरी आली, तिसरी आली. आज दुर्ग-राजनांदगावहून लोक पेट्या घेऊन येतात. त्यांना विचारलं, शेवटच्या दिवशी गेटमधून बाहेर पडताना कसं वाटलं? म्हणाले, "घाई होती हो. दोन पेट्या द्यायच्या होत्या."

मीही सध्या दोराकडे बघतोय. दर रविवारी वसाहतीतल्या सात मुलांना पोहायला शिकवतो. त्याचा हुकूम कुणी दिलेला नाही, रँकही कुणी विचारत नाही. गावाकडे विहिरी बुजल्या, कुणी जाळ्या बसवल्या आणि नदीकाठची पोरं आता पोहायला न शिकताच मोठी होतात. दर पावसाळ्यात त्याची बातमी येते. पेन्शनवर गेल्यावर तिथं हेच काम करायचं, सांगड आणि दोर घेऊन. सरपंचांशी बोललो आहे, एक विहीरही बघून ठेवली आहे.

अजून दोर पुरता सैल झालेला नाही. मोबाईलवर बटालियनचा नंबर दिसला की मी अजून उभा राहून बोलतो. पण हातात एक वर्ष आहे. तुमच्यापैकी ज्यांची दोन-तीन वर्षं उरली असतील, त्यांनी आजच बघावं, दोर ताठ आहे की सैल.

जय हिंद.