दोन विद्यांचा हिशेब

आमचा नातू दिवसां अक्कलकोट रोड एमआयडीसींतील एका टॉवेलच्या कारखान्यांत काम करतो आणि रात्रीं पदवीचा अभ्यास करतो. दोहोंतही मागें पडतो म्हणून आम्ही त्यास ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असें नेहमीं ऐकवीत असूं.

गेल्या रविवारीं त्याच्या मित्रांनीं आमच्या ओसरीवर फासे मांडले. द्यूत समजून आम्ही दटावावयास गेलों. पण तो १९७४ सालीं अमेरिकेंत निघालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कथेचा खेळ निघाला. त्यांत प्रत्येक जण एक पात्र होतो आणि संकटें पार करीत पायरीपायरीनें वर चढतो. नातवाचें पात्र तीन पायऱ्या योद्धा व दोन पायऱ्या मांत्रिक होतें.

“म्हणजे द्रोणाचार्यच कीं!” आम्ही म्हणालों.

“पण आजोबा, त्याची किंमत पडते.”

त्यानें समजाविलें तें असें: २०१४ च्या नियमांप्रमाणें दोन्ही विद्यांचा मुख्य गुण निदान १३ हवा, आणि एकूण पायऱ्या २० च. पांचव्या पायरीवर निव्वळ योद्धा एका खेपेस दोन वार करतो. निव्वळ मांत्रिकास अग्निगोलाचा मंत्र साधतो. मिश्र पात्रास दोन्ही नाहीं.

“मग हा सौदा कां?”

“तलवार चालत नाहीं तेथें मंत्र चालतो. आणि सोबती आहेत ना! माझें उणें ते भरून काढतात.”

आम्ही निरुत्तर झालों. तोट्याचा हिशेब पोरानें आधींच मांडला होता. सोबत्याचें काम मात्र आम्हीं घरांत केलें नव्हतें. दुसरे दिवसापासून त्याच्याकडचें दळण व बाजार आम्हीं आपल्याकडे घेतला.