'सत्या'चं गाव कोणतं?

भिकू म्हात्रेचे फॅन्स तुम्हाला कुठेही सापडतील. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, शेअर रिक्षात, लग्नाच्या वरातीत. समुद्रकाठच्या खडकावर उभं राहून मुंबईचा राजा कोण, म्हणून ओरडणारा भिकू आता जवळपास या शहराचा लोगोच झालाय. पण ज्याच्या नावाने सिनेमा आहे, त्या सत्याचे फॅन्स? ते शोधावे लागतात. आमचा तसा एक चौघांचा कंपू आहे. १७ जानेवारी २०२५ ला 'सत्या' पुन्हा थिएटरात लागला, तेव्हा आम्ही चौघं एकत्र बघायला गेलो. तेव्हापासून आमच्यात एकच वाद रंगतोय. हा माणूस आला कुठून?

सिनेमा ते सांगतच नाही. ३ जुलै १९९८ ला आलेल्या या सिनेमात बाकी सगळ्यांना काही ना काही आगापिछा आहे. भिकूला प्यारी नावाची तोंडाळ, जीव लावणारी बायको आहे. विद्याला घर आहे, गाणं आहे. कल्लूमामा, वकील मुळे, भाऊ ठाकूरदास झावळे, सगळे कुठल्या ना कुठल्या गल्लीत रुजलेले. सत्याला मात्र फक्त नाव. आडनाव नाही, गाव नाही, घरून येणारं पत्र नाही. एक दिवस मुंबईत उतरतो आणि कामाला लागतो. बस्स.

आता आमचा कंपू. आमच्यात नावं नाहीत, गावंच आहेत. एक सातारा, ती आयटीत. एक लातूर, तो एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये. एक गिरगाव, म्हणजे पक्का मुंबईकर, चाळीत जन्मलेला. आणि मी नगर. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण ग्रुपमध्ये अजून नगरच.) ज्यांना एकमेकांच्या गावावरून हाका मारायची सवय, त्यांना बिनगावाचा हिरो कसा झेपणार?

गिरगावचं मत सरळ. सत्याला भूतकाळ दिला असता, तर भिकूला पडद्यावर जागाच उरली नसती. मनोज बाजपेयीला भिकूसाठी नॅशनल अवॉर्ड मिळालं ते त्याचमुळे, असं तो छाती फुगवून सांगतो. जणू अवॉर्ड त्याच्याच चाळीत आलं! साताऱ्याची थिअरी जरा डार्क आहे. हप्ता मागायला आलेल्या पक्याच्या तोंडावर सत्या वस्तरा फिरवतो, तेव्हा त्याचा हात थरथरत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याचा थरथरतो. म्हणजे हा गावाकडे काहीतरी करून आलाय, मागे रस्ता उरलेला नाही.

आणि लातूर? तो तासभर गप्प होता. मग म्हणाला, "त्याची भाषा कच्ची असणार. म्हणून बोलत नाही तो."

आम्ही हसलो. तो हसला नाही. म्हणाला, "पहिल्या नोकरीत सहा महिने मी मीटिंगमध्ये तोंड उघडलं नव्हतं. सगळ्यांना वाटायचं, काय डीप माणूस आहे. अरे, डीप कसला! 'नाही का' च्या जागी 'की' निघून जाईल, ही धास्ती."

मला विचाराल तर या सगळ्या वादात हीच थिअरी सर्वांत भारी. कारण मग सत्याची ती प्रसिद्ध थंड नजर गँगस्टरची राहत नाही. ती नव्याने आलेल्या प्रत्येकाची होते. कुठे उभं राहायचं, कुणाला साहेब म्हणायचं, हसायचं कधी... आधी बघून घ्यायचं, मग बोलायचं.

या नावाच्या मागे अजून एक सिनेमा आहे. गोविंद निहलानींचा १९८३ चा 'अर्धसत्य'. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही मराठी कथा, पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि ओम पुरीचा सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर. या वेलणकरच्या डोक्यात गाव आणि रिटायर्ड हवालदार बाप कायम मुक्कामाला. मुंबईत तो जे काही करतो, त्यात बाप असतोच. पंधरा वर्षांनी राम गोपाल वर्माने आपला नवखा आणला तो पाटी कोरी करून. पुढे २०१८ मध्ये 'सेक्रेड गेम्स' आली. तिच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक अनुराग कश्यप, म्हणजे 'सत्या'च्या दोन लेखकांपैकी एक. तिथे गणेश गायतोंडेला बाप, आई, बालपण, सगळं तपशिलात दिलंय. मालिका मला आवडली, पण गायतोंडे स्वतःची कहाणी सांगायला लागला की मी चहा करायला उठते. सत्या गप्प बसला की मला उठवत नाही.

आणि गंमत बघा, पडद्यावर मूळ मुंबईकर कोण, तर भिकू. म्हात्रे म्हणजे आगरी-कोळ्यांतलं आडनाव, ही बेटं आधीपासून ज्यांची ते लोक. आणि तो साकारला कुणी? बिहारच्या पश्चिम चंपारणातल्या बेलवा गावच्या पोराने! राम गोपाल वर्मा आणि सत्या झालेला जे. डी. चक्रवर्ती हैदराबादकडचे. कश्यप गोरखपूरचा. संगीतकार विशाल भारद्वाज उत्तर प्रदेशातला. एक कॅमेरामन जेरार्ड हूपर तर थेट अमेरिकेचा. मुंबईचा सगळ्यात मुंबईकर सिनेमा नुकत्याच गाडीतून उतरलेल्या लोकांनी केलाय, बॉस. आमचा गिरगाव यावर अजून नीट बोललेला नाही.

मग ठरलं, एका रविवारी सत्याच्या वाटेने फिरायचं. शूटिंगची लोकेशन्स शोधत फिरणारे खूप आहेत, आम्हाला त्यात रस नव्हता. नवखा माणूस या शहरात ज्या जागांतून जातो, त्या जागा बघायच्या होत्या. स्टेशन, काम, खोली.

सुरुवात अर्थात सीएसएमटी. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं खपून उभी केलेली इमारत, २००४ पासून युनेस्कोची वर्ल्ड हेरिटेज. फाटकाच्या खांबांवर एकीकडे इंग्लंडचा सिंह, दुसरीकडे आपला वाघ, वर घुमटावर मशाल घेतलेली 'प्रगती'. इन्स्टावर दिसतं ते हेच. पण बाहेरगावच्या गाडीने पहिल्यांदा येणाऱ्याला यातलं काही दिसेलच असं नाही. लांब पल्ल्याच्या गाड्या आतल्या बाजूच्या प्लॅटफॉर्म्सवर लागतात, आणि तिथून बरेच जण पी. डिमेलो रोडच्या बाजूने बाहेर पडतात. तिकडे घुमट नाही. टॅक्सीवाले, हमाल, चहा आणि हातातल्या चिठ्ठीवरचा पत्ता. स्टीव्हन्सचा दर्शनी भाग मुंबईत आधीच स्थिरावलेल्यांसाठी. नवख्यांसाठी मागचं दार.

आम्ही पोचलो तेव्हा सकाळच्या गाड्या येत होत्या. लातूर एक्स्प्रेस, सोलापूरची सिद्धेश्वर, कोल्हापूरची महालक्ष्मी... रात्रभर झोपून किंवा न झोपता आलेले लोक. नळावर तोंड धुणारे, केसांना पाणी लावून भांग पाडणारे. एका पोराने तिथेच शर्ट बदलला, इस्त्रीचा शर्ट वेगळ्या पिशवीत आणला होता. "इंटरव्ह्यू," लातूर पुटपुटला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

इथून गिरगावला जायला आता भुयारी मेट्रो आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो-३ पूर्ण सुरू झाली आणि कफ परेड ते आरे एकाच गाडीत जाता येतं. गिरगाव स्टेशनला उतरून आम्ही चाळी बघितल्या, म्हणजे ज्या उरल्यात त्या. सिनेमात सत्याला खोली मिळते ती भिकूमुळे. डिपॉझिट नाही, ब्रोकर नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीचा इंटरव्ह्यू नाही. शेजारी विद्या. मारामाऱ्या, एन्काउंटर, सगळं खरं वाटतं यार या सिनेमात. खोटी वाटते ती ही खोली.

आणि इथेच आमचा वाद सिनेमातून बाहेर आला. लातूरचा अकरा महिन्यांचा करार संपत आला होता, मालकाला घर विकायचं होतं. सहा वर्षांतली ही त्याची चौथी खोली. नवी जागा बघायला गेला की पहिला प्रश्न पगाराचा नसतो. "कुठले तुम्ही?" त्याच्या पोटात बाकीचे सगळे प्रश्न. खाता काय, आडनावावरून कोण, एकटे का, रात्री कोण येतं. मग पोलिसांकडे द्यायची भाडेकरूची माहिती, त्यात कायमच्या पत्त्याचा रकाना. सहा वर्षं जिथे राहतोय, टॅक्स भरतोय, तो पत्ता तात्पुरता. कायमचा म्हणजे गावाकडचा, जिथे वर्षातून दहा दिवस जातो. एका सोसायटीत त्याला सांगितलं, तुमच्या बाजूचे लोक आम्ही ठेवत नाही. कुठली बाजू, ते त्याने विचारलं नाही.

"सत्याला कुणीच विचारत नाही," तो म्हणाला. "कसलं नशीब!"

साताऱ्याला हे पटलं नाही. तिचं म्हणणं, कुणी विचारलं नाही म्हणूनच त्याचा घात झाला. शेवट आठवा. विसर्जनाच्या गर्दीत भाऊला संपवून, जखमी अवस्थेत तो विद्याच्या दाराशी येतो. तोवर तिला इन्स्पेक्टर खांडिलकरकडून सगळं कळलंय. ती दार उघडत नाही. "एवढ्या मोठ्या शहरात त्याला जायला ते एकच दार," सातारा म्हणाली. "गाव असतं तर एखादी गाडी तरी पकडली असती."

चौपाटीपर्यंत कुणी फारसं बोललं नाही. रविवारची चौपाटी, भेळ, फुगे, पोरं. गिरगावने सगळ्यांना कुल्फी खाऊ घातली, यजमान म्हणून.

तिथून पुन्हा मेट्रोने शेवटपर्यंत, आरे. हे का, तर सत्याचं मुंबईतलं काम आठवतंय ना? बारमधली वेटरगिरी सगळ्यांना आठवते. तसले डान्स बार २००५ च्या बंदीनंतर आणि कोर्टकचेऱ्यांनंतर मुंबईत जवळपास इतिहासजमा झालेत. पण तो तबेल्यातही राबतो. शहरातल्या म्हशी बाहेर हलवायला १९४९ मध्ये आरे मिल्क कॉलनी उभी राहिली आणि तिथे तबेले आजही आहेत. एसी डब्यातून बाहेर या, वर चढा, रिक्षा करा, आणि शेणाचा, पेंडीचा, ओल्या गवताचा वास. थोड्या वेळापूर्वी आपण दक्षिण मुंबईत होतो, हे खरंच वाटत नाही. ट्रिपमधला माझा सगळ्यात आवडता भाग हा. जायचं तर दुपार उतरल्यावर जा, आणि पांढरे शूज घालू नका.

एका तबेल्यात चारा कापायचं काम चाललं होतं. पंचविशीतला एक जण बादल्या धूत होता. सातारा फोटो काढायला पुढे झाली तर लातूरने तिला थांबवलं आणि स्वतःच त्याच्याशी बोलायला गेला. गाव कुठलं, विचारलं. पोरगा आधी नुसतं "यूपी" म्हणाला. लातूर म्हणाला, यूपीमध्ये कुठे? मग तो "जौनपूर" म्हणाला. जौनपूरमध्ये कुठे? पोराने बादली खाली ठेवली. मग गाव आलं, गावाजवळची नदी आली, बहिणीचं लग्न आलं, पाचवीत सोडलेली शाळा आली. दहा मिनिटं तो थांबेना. दुधाचा दाट चहा आला, पैसे घ्यायला तयार नाही.

मग त्याने विचारलं, "और आप, भैया?"

"मैं लातूर से."

"लातूर में कहाँ?"

लातूर जरा थांबला. मग त्याने एका गावाचं नाव घेतलं, आम्ही कधीच न ऐकलेलं. निलंग्याच्या पुढे, म्हणाला, एसटी दिवसातून दोनदा, हायवेपासून चार किलोमीटर चालत.

"म्हणजे तू लातूरचा नाहीयेस?" सातारा म्हणाली.

"लातूरला मी फक्त बारावीला होतो," तो म्हणाला, आणि त्या पोराकडे वळून गावच्या विहिरीबद्दल सांगायला लागला.