तीन चाकांवरून रौजापर्यंत

औरंगाबादहून खुलताबाद सुमारे 25 किलोमीटर. आमच्याकडची जुनी माणसे अजूनही त्याला 'रौजा'च म्हणतात. अम्मींची धाकटी बहीण, आमची खाला, तिथे राहते. गेल्या हिवाळ्यात खाला अंथरुणाला खिळली आणि अम्मींनी भेटीचा ध्यास घेतला. गुडघ्यांमुळे त्यांना बसची पायरी चढवत नाही. रिक्षा ठरवू म्हटले, तर म्हणाल्या, "तुमच्या अब्बांची गाडी दारात उभी आहे ना? तिच्यातूनच जाऊ."

ही गाडी म्हणजे जुनी मोटारसायकल आणि तिला डाव्या बाजूने जोडलेली साइडकार. अब्बा हयात असताना अम्मी नेहमी साइडकारमध्येच बसत. अब्बांनी आम्हाला बजावले होते, ही गाडी मोटारसायकलसारखी चालवायची नाही. ती वळणावर झुकत नाही. वेग दिला की डावीकडे ओढते, ब्रेक दाबला की उजवीकडे. डावे वळण जोरात घेतले, तर साइडकारचे चाक उचलले जाते. म्हणून रिकामी साइडकार नेताना अब्बा तिच्यात वाळूचे पोते ठेवत.

डिसेंबरातल्या एका रविवारी फजर पढून आम्ही निघालो. थंडीने टायरमधली हवा उतरते, म्हणून तिन्ही चाके तपासली. चोक ओढून इंजिन थोडे गरम होऊ दिले. स्वेटरच्या आत छातीशी वर्तमानपत्र ठेवले. अम्मींना शाल गुंडाळली, सफरची दुआ पढलो आणि छावणी, पडेगाव, मिटमिटा मागे टाकले. पुढे धुके दाट झाले. रस्ता दवाने ओला होता. दुचाकी खड्डा चुकवून जाते, इथे मात्र एक चाक वाचवावे तर दुसरे खड्ड्यात.

"अम्मी, थंडी वाजते का?" आम्ही दोनदा विचारले.

"नाही बेटा, चला."

दौलताबादला पोहोचलो. 1445 मध्ये बांधलेल्या चाँद मिनारचा वरचा भाग धुक्यात दिसत नव्हता. अम्मींना चहा द्यावा म्हणून थांबलो. हात धरून उतरवू लागलो, तर त्यांना पाय टेकवेना. मोजे काढून पाहिले, पाय बर्फासारखे गार. ओठ थरथरत होते.

"सांगितले का नाही?"

"सांगितले असते तर तुम्ही गाडी परत फिरवली असती."

आमच्याकडे उत्तर नव्हते. चूक आमचीच होती. चालवणाऱ्याचे हातपाय हलत असतात, अंगात ऊब राहते. साइडकारमध्ये बसलेला माणूस हलत नाही आणि वारा सरळ अंगावर येतो. त्याची थंडी आपल्या थंडीवरून मोजता येत नाही. शेकोटीजवळ अम्मींना बसवले, पाय चोळले, गरम चहा पाजला. परत फिरायचा विषय आम्हीही काढला नाही. ऊन येईपर्यंत तासभर थांबलो. तोवर पेरूवाल्या बायकांनी टोपल्या मांडल्या. अम्मींनी स्वतः निवडून खालासाठी किलोभर पेरू घेतले.

पुढे जुन्या तटबंदीचा दिल्ली दरवाजा लागतो. अरुंद कमानीतून साइडकार सांभाळत बाहेर पडलो आणि घाट दुसऱ्या गिअरवर चढलो. डाव्या वळणांवर वेग आणखी कमी केला. अम्मींचे वजनच आमचा तोल सांभाळत होते. मग हातकागदासाठी प्रसिद्ध असलेले कागजीपुरा आले. तिथून रौजा जवळच.

इथे औरंगजेब बादशहाची कबर आहे, मलिक अंबरचा मकबरा आहे, कितीतरी सूफी बुजुर्ग इथे विसावले आहेत. लोक दुरून ते पाहायला येतात. त्या दिवशी आम्ही यातले काहीच पाहिले नाही. खालांना अंगणात उन्हात आणून बसवले होते. गाडीचा आवाज ऐकून त्या म्हणाल्या, "दूल्हेभाईंची गाडी आली!" दोघी बहिणी बराच वेळ एकमेकींचे हात धरून बसल्या, बोलल्या फारच थोडे.

परतीला आम्ही संध्याकाळची वाट पाहिली नाही. जुहर पढून उन्हातच निघालो. अम्मींच्या पायांवर रजई होती, मांडीवर गरम पाण्याची बाटली. दर पाच-सहा किलोमीटरला गाडी थांबवायची आणि विचारायचे नाही, हात लावून पाहायचे, असे ठरवले.

रमजानच्या आधी खाला अल्लाहला प्यारी झाली. त्या रविवारी गाडी परत फिरवली नाही, याबद्दल आम्ही आजही अल्लाहचे आभार मानतो.