मागचं डावं चाक

लीड्स, शनिवार, १ मार्च
हिवाळाभर झाकून ठेवलेली १९९४ची माझदा एमएक्स-५ बाहेर काढली. परतताना ब्रेक फारसा लावलाच नाही, तरी दारात मागच्या डाव्या चाकाला जळका वास. इन्फ्रारेड थर्मामीटर धरला: डावी डिस्क १३० अंश, उजवी ४०. मित्राचा फोनवरच निकाल, "कॅलिपर गेला, नवा टाक." लोकांना सुटा भाग बदलायची एवढी घाई का? चाक कोण धरून ठेवतंय ते तर बघू. ऑइल, केबल की गंज?

रविवार, २ मार्च
पुढच्या चाकांना ठोकळे, मागे स्टँड, हँडब्रेक खाली. बायकोने पेडल दाबून सोडलं. उजवं चाक फिरतंय, डावं हलत नाही. ब्लीड निपल सैल केला. रबरी होज आतून सुजून ऑइलचा दाब अडकला असता, तर पिचकारी उडून चाक मोकळं झालं असतं. नुसते थेंब आले. होज निर्दोष.

मग हँडब्रेकची केबल सोडवली. इथे मागचा पिस्टन एकच, पण त्याला मालक दोन: पाय आणि हात. केबल निघताच कॅलिपरवरचा लिव्हर स्प्रिंगने टक्कन परत यायला हवा. उजवीकडचा आला, डावीकडचा अर्ध्यात थांबला. स्क्रू-ड्रायव्हरने रेटला आणि चाक फिरलं! म्हणजे जाम झालाय तो लिव्हरचा शाफ्ट. त्याचा रबरी बूट फाटलेला, आत गंज. इथे थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात. पुण्यातल्या गाड्यांना हा रोग नाही, त्यांचे वेगळे.

शनिवार, ८ मार्च
शाफ्ट स्वतः उघडण्याच्या फंदात पडलो नाही, रिकंडिशन्ड कॅलिपर मागवला. मित्र खूश: "सांगितलं होतं ना!" हो, पण दोष केबलचा किंवा होजचा असता, तर हाही तसाच तापला असता.

या गाडीत मागचा पिस्टन क्लॅम्पने दाबून आत ढकलायचा नसतो. मागचा १४ मिलिमीटरचा बोल्ट काढून आत ४ मिलिमीटरची अ‍ॅलन की घालायची, पॅड डिस्कला टेकेपर्यंत फिरवायची, मग एक तृतीयांश फेरा उलट. घाईत हे विसरणारे बरेच. पिनांना सिलिकॉन ग्रीस लावलं, साध्या ग्रीसने रबर फुगतं. ताजं डॉट ४ भरून हवा काढली.

फेरी मारून आलो: डावी ४६, उजवी ४३. उजवीकडचा बूटही तडकलाय. त्याचाही कॅलिपर आताच मागवून ठेवतो.