भिंतीवरची लिझ

जेम्स बाँड वाचून छाती फुगायची. जॉन ल कॅरेनं तो फुगा फोडला. खरं नाव डेव्हिड कॉर्नवेल, जन्म १९३१. बाप ठकसेन, तुरुंगात जाऊन आलेला. आई पाचव्या वर्षीच सोडून गेली. पुढं यानं ईटनला साहेबांची पोरं शिकवली, मग ब्रिटिश हेरखात्यात गेला. नोकरीत म्हणून टोपणनाव. १९६३ची बर्लिनच्या भिंतीची कादंबरी तुफान खपली, १९६४ला नोकरी सुटली.

तिच्यातला हेर दारुडा, थकलेला. पण मला छळती ती लिझ. लायब्ररीतली नोकर, पक्षाची साधी कार्यकर्ती. दोन्हीकडच्या साहेबांनी वापरली आन् भिंतीवरच गोळी घातली. सभेच्या सतरंज्या उचलणारी आपली पोरं डोळ्यापुढं आली.

म्हातारा २०२०ला गेला. पुस्तक अजून लायब्ररीत परत केलं नाही.