तुराट्यांना भाव आला, वेचणारीचे काय?

आमचे बालपण औसा तालुक्यातल्या खेड्यात गेले. स्वतःची जमीन नव्हती. आई-वडील दुसऱ्याच्या रानात राबत. तुरीची रास झाली की मालकाला विचारून तुराट्या आणायच्या. आम्ही तिघी बहिणी मायच्या मागे मोळ्या घेऊन चालायचो. भोकरकडे मावशीच्या गावी पऱ्हाट्या असत. त्या उपटून रान मोकळे करून द्यायचे आणि पऱ्हाटी घेऊन जायची. पैसा मिळत नसे, जळण हीच मजुरी. पावसाळ्यापुरते सरपण घरामागे रचले की मायला झोप लागे.

त्या चुलीने मायचे डोळे घेतले. धुराने खोकलाही जडला. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, पुढे मायला शेगडी मिळाली. पण १४.२ किलोची टाकी संपली की हातात पैसे येईपर्यंत पुन्हा चूलच.

मागच्या हिवाळ्यात नांदेडहून गावी गेलो, तर घरामागची जागा रिकामी. माय म्हणाली, "आता तुराट्या कुणी फुकट देत न्हाई बाई. ट्रॅक्टर येतो, मोजून घेऊन जातो."

ट्रॅक्टर कुठे जातो, याची आम्ही चौकशी केली. तुराट्या, पऱ्हाट्या, भुसा यांचा चुरा करून तो वाळवतात. ओल दहा टक्क्यांच्या आसपास आली की यंत्रात दाबतात. दाबाच्या उष्णतेने लाकडातला चिकट अंश मऊ होतो आणि डिंक न घालता कांडी तयार होते. जाड ठोकळ्याला 'पांढरा कोळसा' म्हणतात. बारीक कांडीला पेलेट म्हणतात, ती गुरांच्या गोळी पेंडीसारखी दिसते. साधारण तीन किलो पेलेट म्हणजे एक किलो गॅसची उष्णता. युरोपात थंडीत घरे तापवायला लाकडाचे पेलेट जाळतात. आपल्याकडे ते बॉयलरमध्ये जातात. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राने औष्णिक वीजकेंद्रांसाठी कोळशात ५ टक्के पेलेट मिसळण्याचे धोरणही काढले.

झाड पुन्हा उगवते, पीक दरवर्षी येते, म्हणून हे इंधन चांगलेच. बांधावर नुसती जाळून टाकण्यापेक्षा काडी कामी आलेली बरी. आमची तक्रार इंधनाबद्दल नाही.

हेच पेलेट गरिबाच्या घरातही आले होते. २००६ च्या सुमारास ब्रिटिश पेट्रोलियम कंपनीने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसोबत 'ऊर्जा' नावाची चूल काढली. आत छोटा पंखा, धूर अगदी कमी. महाराष्ट्र-कर्नाटकात ती पुष्कळ खपली. पुढे कारखान्यांची मागणी वाढली, कच्चा माल महागला आणि घरच्या चुलीला पेलेट परवडेना. बाजारात जो जास्त पैसे देतो, माल त्याच्याकडे जातो.

म्हणून आम्हाला वाटते, आपल्या बचत गटांनी या धंद्याकडे बघावे. काडी गोळा करणे, वाळवणे, तोलणे हे काम आपल्या बायांना पिढ्यान्‌पिढ्या येते. गटाने मालकाशी ठरवून काडी घ्यावी, तोलून कारखान्याला द्यावी आणि वजनकाट्याची पावती गटाच्या नावाने घ्यावी. यंत्राचा विचार नंतर करता येईल. आणि ज्या रानात पऱ्हाटी उपटायची, तिथे रोख मजुरी आधी बोलून घ्यावी. आता पऱ्हाटी ही मजुरी राहिली नाही, तो माल झाला आहे.

मायला हे सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मोळी डोक्यावर आमच्या व्हती, तर पावती बी आमच्याच हातात पाहिजे."